अद्भुतरम्य भूमिकाखेळांतील रहस्य : सुगावा, साक्ष आणि सत्य

प्रास्ताविक

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जे नवे कथनप्रकार उदयास आले त्यांत टेबलाभोवती बसून खेळल्या जाणाऱ्या भूमिकाखेळांचा, म्हणजे रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या खेळांचा, उल्लेख वाङ्मयसमीक्षेत क्वचितच आढळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी रचलेला ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा या प्रकारातील आद्य खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. चार-पाच खेळाडू एकत्र बसतात. प्रत्येक जण योद्धा, चोर, मांत्रिक, पुरोहित असे एकेक पात्र धारण करतो. एक जण मात्र कोणतेही एक पात्र न घेता उरलेले सारे जग चालवतो. मूळ खेळात त्याला ‘डंजन मास्टर’ म्हणतात. मराठीत त्यासाठी ‘सूत्रधार’ हा शब्द आयताच उपलब्ध आहे. सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो, खेळाडू आपापल्या पात्राची कृती सांगतात आणि जेथे यशापयश अनिश्चित असेल तेथे फासे टाकून निर्णय होतो.

मराठी वाचकास या प्रकाराची कल्पना यावी म्हणून कोकणातील दशावताराचे उदाहरण घेता येईल. दशावतारात लिखित संहिता नसते. आख्यान ठरलेले असते आणि संवाद नट आपल्या हजरजबाबीपणाने रंगमंचावरच रचतो. भूमिकाखेळातील बोलणेही असेच उत्स्फूर्त असते. फरक इतकाच की, दशावतारातील आख्यान नटांना आणि प्रेक्षकांनाही आधीच ठाऊक असते, तर भूमिकाखेळात ते सूत्रधाराखेरीज कोणासही ठाऊक नसते. हा फरक साध्या साहसकथेत फारसा जाणवत नाही. पुढच्या दालनात राक्षस आहे की खजिना, हे दार उघडताच कळते. परंतु सूत्रधाराने रहस्यकथा खेळावयास घेतली, गावात खून झाला आणि खुनी शोधावयाचा आहे असे सांगितले, की हाच फरक खेळाचा मुख्य विषय होतो. आता नटांनी आख्यान शोधून काढावयाचे असते, आणि ज्याच्याजवळ ते आहे तो गृहस्थ समोरच बसलेला असतो.

अद्भुतरम्य जगात रहस्यकथा खेळणे अवघड, किंबहुना अशक्य, असा समज या खेळांच्या जाणकारांत बराच रुजलेला आहे. त्याचे कारण म्हणून मंत्रविद्येकडे बोट दाखवले जाते. जेथे प्रेताला बोलते करता येते आणि मनातले विचार वाचता येतात, तेथे गुपित टिकणार कसे, असा हा आक्षेप आहे. प्रस्तुत लेखात या आक्षेपाची तपासणी करावयाची असून, अडचण मंत्रविद्येत नसून ज्ञान दडवून ठेवण्याच्या सवयीत आहे, असे प्रतिपादन करावयाचे आहे.

रहस्यकथेचे नियम आणि अद्भुत

त्झ्वेतान तोदोरोव्ह याने १९६६ मध्ये रहस्यकथेच्या प्रकारांचे विवेचन करताना प्रत्येक रहस्यकथेत दोन कथा असतात असे दाखवून दिले. पहिली गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली कथा दुसरी सुरू होण्यापूर्वीच संपलेली असते; दुसरीचे काम पहिलीपर्यंत पोहोचणे एवढेच. वाचकाला दुसरी कथा वाचावयास मिळते आणि तिच्यातून तो पहिलीचा अंदाज बांधतो. ही विभागणी भूमिकाखेळाला लावून पाहिली असता एक महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. गुन्ह्याची कथा सूत्रधार रचतो, पण तपासाची कथा कोणीच रचलेली नसते. ती खेळता खेळता घडावयाची असते. कादंबरीकार आपल्या गुप्तहेराला चौदाव्या प्रकरणात योग्य खिडकीपाशी नेऊन उभा करू शकतो. खेळाडू त्या खिडकीकडे ढुंकूनही न पाहता खानावळीच्या मालकाशी वाद घालीत बसले, तर सूत्रधाराला त्यांचा हात धरून नेता येत नाही. आणि नेलेच तर तो तपास उरत नाही.

अद्भुताला रहस्यकथेतून हद्दपार करण्याची परंपराही जुनी आहे. इंग्रज लेखक रोनल्ड नॉक्स याने १९२९ मध्ये गुप्तहेरकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतील दुसराच नियम अलौकिक शक्तींना मज्जाव करणारा आहे. (नॉक्स स्वतः कॅथॉलिक धर्मगुरू होता, तेव्हा हा मज्जाव अलौकिकावरील अविश्वासातून आलेला नव्हता, हे उघड आहे.) नॉक्सच्या नियमांमागे एकच तत्त्व आहे आणि ते म्हणजे वाचकाशी प्रामाणिक स्पर्धा. गुप्तहेराला जे दिसले ते वाचकालाही दिसले पाहिजे. अलौकिक शक्ती वर्ज्य ठरते, कारण तिच्या मर्यादा वाचकाला माहीत नसतात. लेखक ऐनवेळी पोतडीतून हवे ते काढू शकतो.

याचा व्यत्यास असा की, मर्यादा आधी सांगितल्या तर अद्भुतालाही प्रवेश मिळावयास हरकत नाही. आयझॅक असिमॉव्ह याने ‘द केव्ह्ज ऑफ स्टील’ या १९५४ च्या कादंबरीत विज्ञानकथेपुरता हा प्रश्न सोडवला. भविष्यकाळातील यंत्रांचे आणि समाजाचे नियम वाचकासमोर आधीच मांडून त्याने खुनाचा तपास घडवला. रँडल गॅरेट याने १९६४ पासून लिहिलेल्या लॉर्ड डार्सीच्या कथा तर थेट मंत्रविद्येच्या जगात घडतात. तेथे डार्सीचा सहायक शॉन मंत्रांच्या साहाय्याने पुरावा तपासतो, पण मंत्रांना काटेकोर नियम आहेत आणि पुराव्याचा अर्थ लावण्याचे काम डार्सीच्याच बुद्धीला करावे लागते. भूमिकाखेळाची स्थिती या दृष्टीने कादंबरीहून अधिक अनुकूल आहे. प्रत्येक मंत्राचा पल्ला, कालावधी आणि अपवाद सांगणारे नियमपुस्तक खेळाडूंच्या हातातच असते. नॉक्सला जी धास्ती होती तिला येथे जागा नाही. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा आणि नारायण धारपांच्या भयकथा वाचून वाढलेल्या वाचकाने हे दोन प्रांत वेगवेगळे मानले असतील, तर ते स्वाभाविक आहे. परंतु ती सीमा प्रकृतीची नसून प्रघाताची आहे.

फाशांचे गणित

रहस्यखेळ फसण्याचे सर्वांत सामान्य कारण अगदी साधे आणि मंत्रविद्येशी असंबद्ध आहे. सुगावा सापडावा म्हणून फासे टाकावे लागतात आणि फासे विरुद्ध पडतात. सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ क्थुलू’ या १९८१ च्या खेळाने तपासाला खेळाच्या केंद्रस्थानी आणले, ही त्याची मोठी कामगिरी होय. परंतु दडलेली वस्तू दिसणे किंवा ग्रंथालयात संदर्भ सापडणे यांसाठी त्यात टक्केवारीची कौशल्ये ठेवलेली होती. समजा, उलगड्यासाठी तीन सुगावे आवश्यक आहेत आणि प्रत्येक सापडण्याची शक्यता शंभरात साठ आहे. तिन्ही सापडण्याची शक्यता मग शंभरात बाविसाहूनही कमी भरते. म्हणजे पाचांपैकी जवळजवळ चार वेळा खेळ अडून बसणार, आणि अडलेला खेळ पुढे ढकलण्यासाठी सूत्रधार कोणा वाटसरूच्या तोंडून उत्तर वदवणार.

जस्टिन अलेक्झांडर यांनी २००८ मध्ये यावर एक सोपा तोडगा मांडला. खेळाडूंनी जो निष्कर्ष काढावा असे वाटते, त्या प्रत्येक निष्कर्षासाठी निदान तीन सुगावे ठेवावेत. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर तिहींपैकी एक तरी सापडण्याची शक्यता शंभरात त्र्याण्णवांहून अधिक होते. रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ या नियमपद्धतीने २००७ पासून दुसरा मार्ग धरला. तीत योग्य कौशल्य असलेले पात्र योग्य ठिकाणी शोध घेऊ लागले, की मुख्य सुगावा फासे न टाकताच मिळतो. याच पद्धतीवर आधारलेल्या ‘स्वॉर्ड्स ऑफ द सर्पंटाइन’ या खेळाने ती एव्हरसिंक नावाच्या खचत चाललेल्या अद्भुतरम्य नगरीत नेली. या दोन मार्गांत खेळाडू बराच वाद घालतात. तो वाद येथे पुढे नेण्याचे कारण नाही, कारण दोन्ही मार्ग एकाच जाणिवेतून आलेले आहेत. माहिती हे बक्षीस मानून कुलुपात ठेवले की रहस्य मरते. खेळाडूंच्या हाती माहिती मुबलक असली पाहिजे. कसोटी लागावी ती अर्थ लावताना.

प्रेताची साक्ष

हीच जाणीव मंत्रविद्येपाशी आली की मात्र सूत्रधार विसरतात. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये मृताशी संभाषण करण्याचा मंत्र आहे, सत्य बोलावयास लावणारा मंत्र आहे, विचार वाचण्याचा मंत्र आहे. रहस्याची मांडणी करणारा सूत्रधार त्यांना बिचकतो आणि एकेकाचा बंदोबस्त करीत सुटतो. प्रेत जाळून टाकलेले असते, संशयिताच्या गळ्यात मनाला कवच घालणारा ताईत असतो, दरबारात मंत्रप्रयोगाला बंदी असते. यांपैकी एखादी गोष्ट खपून जाते. तिन्ही एकदम आल्या की ज्या खेळाडूने हौसेने पुरोहिताचे पात्र घेतले त्याला आपली विद्या नेमक्या गरजेच्या वेळी काढून घेतल्याची जाणीव होते. अशा खेळातील नाराजी अनाठायी म्हणता येणार नाही.

वास्तविक हे मंत्र नियमपुस्तकात ज्या शब्दांत दिले आहेत ते नीट वाचले तर भीतीचे कारण उरत नाही. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतील नियमानुसार प्रेताला पाच प्रश्न विचारता येतात. त्याला तोंड शाबूत असावे लागते. जिवंतपणी जे ठाऊक होते तेवढेच ते सांगू शकते. त्याची उत्तरे बहुधा त्रोटक किंवा गूढ असतात, आणि विचारणारा शत्रू आहे असे त्याला वाटले तर खरे बोलण्याचे बंधन त्याच्यावर नसते. सत्यक्षेत्राचा मंत्रही असाच आहे. त्याच्या प्रभावाखाली आलेल्या माणसाला जाणूनबुजून खोटे बोलता येत नाही. परंतु तो प्रभाव त्याला जाणवतो, आणि सत्याची मर्यादा न ओलांडता उत्तर टाळण्याची मोकळीक त्याला असते. न्यायालयाच्या कामकाजाशी परिचय असणाऱ्याला हे वर्णन मुळीच अद्भुत वाटणार नाही. प्रामाणिक, पण मर्यादित दृष्टीचा साक्षीदार तो हाच.

एक काल्पनिक प्रसंग घेऊ. धान्याच्या व्यापाऱ्याचा खून झाला आहे. प्रेताला विचारले असता ते ‘भावाने मारले’ असे सांगते. प्रेताने पाहिलेला चेहरा भावाचाच होता, यात शंका नाही. पण ज्या जगात रूप पालटण्याचा मंत्र नवशिक्या मांत्रिकालाही येतो, तेथे चेहरा पाहिला म्हणजे माणूस पाहिला असे होत नाही. आता खेळाडूंना विचार करावा लागतो. मारेकऱ्याने त्या वेळी काय म्हटले? भावाला ठाऊक असावी अशी कोणती गोष्ट त्याला ठाऊक नव्हती? पाच प्रश्नांपैकी एक खर्च झाला, चार उरले. आता याच प्रसंगात थोडा बदल करून प्रेताचा खालचा जबडाच नाहीसा आहे असे मानू. साक्ष बुडाली खरी, परंतु जबडा नसणे हीच एक साक्ष झाली. ज्याने तो नेला त्याला या मंत्राचा नियम माहीत होता, प्रेत बोलेल याची त्याला भीती होती, म्हणजे मृताने त्याला ओळखले होते. मंत्रविद्येने एक दार बंद झाले तर दुसरे उघडते, ते असे. मात्र हा जबडा वापरावयाचा तर एकदाच. प्रत्येक गावातील प्रत्येक प्रेत बिनजबड्याचे निघू लागले की तो सूत्रधाराचा आळस ठरतो.

बोलणाऱ्या प्रेताने रहस्य संपते, हा समज भारतीय कथापरंपरेच्या वाचकाने तर मुळीच बाळगू नये. वेताळपंचविशीत राजाच्या खांद्यावरचे प्रेतच कथा सांगते. सारी हकीकत, सारी पात्रे, सारे हेतू ते उघड करते; काहीही दडवीत नाही. कोडे उरते ते त्यानंतर. दोष कोणाचा? अधिकार कोणाचा? हकीकत पूर्ण कळल्यावरही राजाला बुद्धी चालवावी लागते, आणि उत्तर ठाऊक असून न दिल्यास मस्तकाची शकले होण्याचे भय आहे. काय घडले या प्रश्नावरून जे घडले त्याचा अर्थ काय या प्रश्नाकडे रहस्य सरकले की प्रेताची वाचा आड येत नाही, उलट उपयोगी पडते. अद्भुतरम्य रहस्यखेळाची खरी भूमी हीच होय.

सॉल्टमार्शची तीन पुस्तके

या भूमीचा उत्तम वेध घेणारी एक रचना चार दशकांपूर्वीच होऊन गेली आहे. टीएसआर या प्रकाशनसंस्थेच्या ब्रिटिश शाखेने १९८१ ते १९८३ या काळात सॉल्टमार्श या किनाऱ्यावरील छोट्या गावाभोवती गुंफलेल्या तीन साहसपुस्तिका प्रसिद्ध केल्या. लेखक डेव्ह ब्राउन आणि डॉन टर्नबुल. ‘द सिनिस्टर सीक्रेट ऑफ सॉल्टमार्श’, ‘डेंजर ॲट डनवॉटर’ आणि ‘द फायनल एनिमी’ अशी त्यांची नावे. रहस्यरचनेचा अभ्यास या दृष्टीने त्यांच्याकडे जितके लक्ष जावयास हवे तितके गेलेले नाही. त्यांची स्तुती होते ती बहुधा वातावरणनिर्मितीसाठी.

पहिल्या पुस्तकात गावाबाहेर समुद्राकाठी एका किमयागाराचे ओसाड घर आहे. रात्री तेथून किंकाळ्या ऐकू येतात, दिवे दिसतात. घर झपाटलेले आहे, अशी गावाची खात्री आहे. वस्तुतः तळघरात चोरटी आयात करणाऱ्या टोळीचा अड्डा आहे. टोळीचा म्होरक्या भ्रमविद्या जाणणारा मांत्रिक आहे; किंकाळ्या त्याच्या मंत्राच्या आहेत आणि दिवे समुद्रातील गलबताला खुणावण्यासाठी आहेत. चाचे भुताच्या अफवा पसरवतात, हा इंग्रजी कथांतील जुना संकेत आहे. रसेल थॉर्नडाइकच्या ‘डॉक्टर सिन’ या १९१५ च्या कादंबरीतही तो आढळतो. येथे नवीन आहे ते त्या संकेताला मिळालेले अद्भुतरम्य जग. आपल्या जगात ‘भुते नसतात’ हे गृहीत धरून गुप्तहेर तपासाला लागतो. सॉल्टमार्शच्या जगात भुते असतात. त्यामुळे ‘हे भूत नाही’ हा निष्कर्ष पुराव्यानेच सिद्ध करावा लागतो. लेखकांनी या बाबतीत खेळाडूंना सोपी वाट ठेवलेली नाही. त्याच घरातील एका बंद दालनात खरोखरीचे चालते सांगाडे आहेत. एकदा सगळे थोतांड म्हणून निश्चिंत झालेल्याला तेथे धक्का बसतो.

वरच्या मजल्यावर हातपाय बांधलेला एक तरुण सापडतो. नेड हे त्याचे नाव. आपल्याला कोणी पकडून बांधले असे तो सांगतो आणि सोबत येऊ देण्याची विनंती करतो. तो आहे चाच्यांशी संधान असलेल्या गावातील एका व्यापाऱ्याने खेळाडूंची वाट अडवण्यासाठी पेरलेला चोर. या पात्राची योजना अतिशय चतुर आहे, कारण खोटे बोलणारा हा माणूस सर्वांत मोठे सत्य आपल्या अवस्थेनेच सांगून टाकतो. भुते दोरखंडाच्या गाठी मारीत नाहीत. नेडवर विश्वास ठेवणारा खेळाडू आणि त्याच्यावर संशय घेणारा खेळाडू, दोघांनाही घरात माणसांचा वावर आहे हे कळते. सुगावा फुकट मिळाला आहे. त्याचा उपयोग कोणी किती केला, एवढाच फरक उरतो.

दुसऱ्या पुस्तकात ही रचना अधिक गंभीर होते. चाच्यांच्या गलबतावर शस्त्रांचा साठा आणि सरड्यासारख्या अंगाच्या जमातीचे काही लोक सापडलेले असतात. ही जमात डनवॉटर नदीकाठी राहते. ती शस्त्रे विकत घेत आहे. गावाची पंचमंडळी हादरते. शेजारी शस्त्रे जमवीत आहेत म्हणजे हल्ला करणार, हा निष्कर्ष त्यांना स्वयंसिद्ध वाटतो, आणि खेळाडूंना तिकडे पाठवले जाते. पुरावा खरा आहे. शस्त्रे खरी, खरेदी खरी, गुप्तताही खरी. चूक आहे ती अर्थात. साहुआगिन या समुद्रातील क्रूर जमातीने या लोकांना त्यांच्या मूळ वस्तीतून हुसकावून लावलेले आहे आणि त्यांच्याशी लढण्यासाठी ही तयारी चालू आहे. डनवॉटरचे लोक गावाचे शत्रू नाहीत, होऊ शकणारे मित्र आहेत.

येथे मंत्रांनी काही बिघडत नाही. विचार वाचून पाहिले, तर युद्धाची तयारीच दिसेल. सत्य बोलावयास लावले, तर ‘आम्ही लढणार आहोत’ हेच ऐकू येईल. कोणाशी, हा प्रश्न विचारण्याची बुद्धी मंत्र देत नाही. जो खेळाडू हा प्रश्न विचारण्याआधी तलवार उपसतो तो निरपराधांची वस्ती कापून काढतो. आणि हे त्याला नंतर कळते. रहस्यकथेत चुकीचा माणूस फासावर जाण्याची शक्यता नेहमी असते, पण ती चूक पोलिसांची असते, वाचक सुरक्षित असतो. भूमिकाखेळात ती चूक खेळाडूची स्वतःची होते. एखाद्या समूहाच्या हाती शस्त्रे आहेत एवढ्यावरून त्याचा हेतू ठरवणे आणि त्या ठरवण्यावर हिंसा उभारणे, हा विषय टेबलावरच्या करमणुकीपुरता मर्यादित नाही, हे वेगळे सांगावयास नको.

तथापि या पुस्तकाची रचना निर्दोष नाही. लेखकांना वाटाघाटी हव्या आहेत, परंतु वस्तीचे वर्णन त्यांनी दालनागणिक, पहारेकऱ्यांच्या संख्येसह, जुन्या लुटालूट-साहसांच्या पद्धतीने केले आहे. नकाशा खेळाडूला लढावयास बोलावतो. वर्षानुवर्षे ज्या खेळाने दार फोडून आत शिरण्याची सवय लावली, त्याने एकाएकी त्या सवयीबद्दल दंड करावा, यात थोडा अन्याय आहे. वस्तीच्या वेशीवरच, पहिले रक्त सांडण्यापूर्वी, हेतूविषयी शंका उत्पन्न करणारे दोन-तीन सुगावे असते तर खेळाडूची चूक पूर्णपणे त्याची म्हणता आली असती. रहस्यात दोषारोप करण्याचा अधिकार ज्याने पुरेसे दाखवले त्यालाच असतो. २०१९ मध्ये ‘गोस्ट्स ऑफ सॉल्टमार्श’ या नावाने ही पुस्तके नव्या आवृत्तीच्या नियमांत आली, तेव्हा गावातच तीन परस्परविरोधी गट दाखवले गेले. त्यामुळे पंचांच्या निष्कर्षामागे कोणाचे हितसंबंध आहेत, हे विचारण्याची सोय झाली. तिसऱ्या पुस्तकात साहुआगिनांच्या ठाण्याची टेहळणी आहे; साहस म्हणून ते चांगले असले तरी रहस्य तेथे संपलेले असते.

सत्य आधी की नंतर

सॉल्टमार्शमध्ये खेळाडू चुकू शकतात, कारण तेथे काहीतरी खरे आहे. हे विधान उघड वाटेल. परंतु अलीकडच्या काही खेळांनी नेमके तेच नाकारले आहे. जेसन कॉर्डोव्हा यांचा ‘ब्रिंडलवुड बे’ हा खेळ त्यांत विशेष विचारार्ह आहे. तो अद्भुतरम्य मध्ययुगात घडत नाही; समुद्रकाठच्या एका अमेरिकन गावात वृद्ध स्त्रिया खुनांचा तपास करतात आणि मागे एक अघोरी पंथ वावरतो. या खेळात खुनी कोण हे सूत्रधारालाही ठाऊक नसते. पुस्तकात संशयित आहेत, सुगावे आहेत, उत्तर नाही. खेळाडू हाती आलेल्या सुगाव्यांवरून एक उपपत्ती रचतात, मग दोन फासे टाकतात. फाशांच्या बेरजेत सुगाव्यांची संख्या मिळवतात, रहस्याच्या गुंतागुंतीचा अंक वजा करतात. उत्तर पुरेसे मोठे आले तर उपपत्ती खरी ठरते.

सुगावा न सापडून खेळ अडण्याची व्याधी येथे समूळ नाहीशी होते, हे मान्य केले पाहिजे. खेळाडूंची कल्पकताही फुलते. परंतु चुकीचे स्वरूप पालटते. ‘ब्रिंडलवुड बे’मध्येही उपपत्ती फसू शकते, पण ती फसते फासे वाईट पडले म्हणून, एखादी वस्तुस्थिती तिला छेद देते म्हणून नव्हे. जबडा नसलेल्या प्रेतावरून जो खेळाडू मारेकऱ्याच्या भयापर्यंत पोहोचला, त्याच्या तर्काला सत्याचा आधार होता. तो तर्क चुकला असता तर का चुकला हेही सांगता आले असते. सत्य नंतर ठरणार असेल तर चांगला तर्क आणि आकर्षक तर्क यांत भेद करता येत नाही. तोदोरोव्हच्या भाषेत सांगावयाचे तर येथे पहिली कथा नाहीच. दुसरी कथा शेवटी पहिलीला जन्म देते. ही कथारचनेची सुंदर क्रीडा आहे, तपास मात्र नाही.

या दोहोंच्या मधली एक वाट १९८३ च्या ‘रेव्हनलॉफ्ट’ने दाखवली होती. ट्रेसी आणि लॉरा हिकमन या दांपत्याच्या या साहसात भविष्य सांगणारी स्त्री पत्ते मांडते, आणि प्रभावी शस्त्रे कोठे दडली आहेत, रक्तपिपासू सरदाराचा हेतू काय, हे त्या पत्त्यांवर ठरते. प्रत्येक वेळी सत्य वेगळे. पण एकदा पत्ते पडले की ते सत्य पक्के होते. सूत्रधारालाही ते बदलता येत नाही. खेळाडूंनी त्या पत्त्यांची गूढ वचने ऐकलेली असतात. पुढचा सारा शोध म्हणजे त्या वचनांचा अर्थ लावणे होय. सत्य दैवाने ठरले तरी चालते. तपास सुरू होण्यापूर्वी ठरले म्हणजे पुरे.

म्हणूनच ‘ब्रिंडलवुड बे’पेक्षा अधिक आक्षेपार्ह ठरतो तो एक प्रघात, जो कोणत्याच नियमपुस्तकात लिहिलेला नसतो. सूत्रधाराने खुनी मनाशी ठरवलेला असतो. खेळाडू दुसऱ्याच बैठकीत त्याचे नाव घेतात, किंवा याहून चमकदार उपपत्ती मांडतात, आणि सूत्रधार मनातल्या मनात खुनी बदलतो. खेळाडूंना पत्ता लागत नाही. सगळे खूश होऊन घरी जातात. कॉर्डोव्हा यांचा खेळ आरंभीच सांगून टाकतो की उत्तर ठरलेले नाही. खेळाडू ते जाणून खेळतात, फसवणूक कोणाचीच होत नाही. गुपचूप खुनी बदलणारा सूत्रधार मात्र तपासाचे आश्वासन देऊन तपासच काढून घेतो. ज्या खेळाडूने चार बैठका टिपणे काढली, प्रेताचे पाच प्रश्न जपून वापरले, आणि खरा खुनी ओळखला, त्याचा तर्क त्याच क्षणी खोटा करण्यात आला आणि हे त्याला कधीच कळणार नाही. काही सूत्रधार खेळ संपल्यावर आपली टिपणवही टेबलावर उघडी ठेवतात. कोणता सुगावा कोठे होता, कोणता निसटला, नेडला कोणी पाठवले होते, हे खेळाडू मग स्वतः वाचून पाहतात. त्या वहीत खाडाखोड असेल तर तीही दिसते.